डबीवरचे थेंब

दिवाळीच्या पणत्या धुऊन ठेवल्या की आमच्या बुलढाण्यात थंडी कुणाला न विचारता घरात येऊन बसते. घाटाखाली मलकापूरकडे अजून पंखे फिरत असतात आणि इथे मात्र सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला बाहेर जायचं तर अंगावर काहीतरी ओढावं लागतं. आज सकाळी मी म्हणूनच पत्र्याची पेटी उघडली आणि स्वेटरांच्या आधी डांबरगोळ्यांचा तो उग्र, थंड, नाकाच्या मुळाशी जाऊन बसणारा वास बाहेर आला. हा वास आवडतो असं सांगायला लोक लाजतात. मला आवडतो. गेल्या साली मलमलच्या पुरचुंडीत पाच गोळ्या बांधून ठेवल्या होत्या. आज ती पुरचुंडी चपटी होऊन पडली होती, आत हरभऱ्याच्या डाळीएवढा एक तुकडा. सून मागे उभी होती. म्हणाली, "आई, गोळ्या विरघळल्या वाटतं." मी तोंड उघडलं आणि ती लगेच हात जोडून म्हणाली, "कशात विरघळल्या ते विचारू नका, मला पोळ्या टाकायच्या आहेत."

घरादाराने धसका घ्यावा अशी माझी ही सवय आहे, काय करणार? सगळी नोकरी मास्तरांना शिकवण्यात गेली. पोरांना शिकवणं वेगळं आणि पोरांना शिकवणाऱ्यांना शिकवणं वेगळं. पहिल्या कामात समोर कोरी पाटी असते असं म्हणतात, तेही खरं नाही म्हणा. पण दुसऱ्या कामात समोर तीस-चाळीस भरलेल्या पाट्या बसलेल्या असतात आणि त्यातलं एक अक्षर पुसायला जावं तर पाटीलाच दुखतं. त्यातून माझा विषय पदार्थ. स्थायू, द्रव आणि वायू. ऐकायला किती सोपं. पण ज्वारीचं पीठ भांड्याचा आकार घेतं, मग ते द्रव का नाही, असं विचारलं की वीस-वीस वर्षं खडू झिजवलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. धुराचं काय, साबणाच्या फेसाचं काय, न विरघळता सरळ हवेत जाणाऱ्या डांबरगोळीचं काय. वस्तू डोळ्यांसमोरून गेली म्हणजे ती संपली, असं आपल्या आत कुठेतरी पक्कं बसलेलं असतं. ते हलवायचं माझं काम. आणि त्या कामात मला ज्या माणसाने खरं शिकवलं, त्याची आठवण आज त्या चपट्या पुरचुंडीने करून दिली.

पंधराएक वर्षं झाली असतील. श्रावण होता, हवा इतकी दमट की कागदाला कागद चिकटत होते. अमडापूरच्या आसपासच्या शाळांमधल्या शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि मी बुलढाण्याहून चिखलीमार्गे एसटीने रोज ये-जा करत होते. प्रशिक्षण म्हटलं की शिक्षकांचे चेहरे कसे होतात ते तुम्हाला ठाऊक नसेल तर बरं आहे. सह्या झाल्या की निम्मे मनाने घरी गेलेले असतात, पाव जण आलूबोंडे कधी येतात याची वाट बघत असतात आणि उरलेले तुमची चूक कधी सापडते त्याची. मी वर्गात शिरले आणि पहिल्याच बाकावर, गुडघे बाजूला काढून, कारण बाक पाचवीच्या पोरांचे होते, माझे गुरुजी बसलेले दिसले.

माझे म्हणजे खरोखरच माझे. तिसरी ते पाचवी मी त्यांच्या हाताखाली शिकले. पांढरा सदरा, खिशाला दोन पेना, एक निळी आणि एक लाल, आणि बोटांच्या पेरांत कायम माती, कारण घरची वांग्या-मिरचीची वाडी होती आणि शाळेत यायच्या आधी ते पाणी देऊन यायचे. आमच्या वर्गात उत्तर दिलं की सुटका नसायची. उत्तर बरोबर असलं तरी गुरुजी आमच्या वऱ्हाडीत विचारत, "काऊन?", म्हणजे का? चुकीचं असलं तरी विचारत, "काऊन?" त्या एका शब्दाने आम्हाला रडवलं आणि त्याच शब्दाने मी पुढे विज्ञानाकडे वळले, हे मी कुणालाही सांगते. त्या सकाळी मी वाकून पाया पडायला गेले तर त्यांनी पाय मागे घेतले. "इथं नाही," ते हळूच म्हणाले, "इथं तू शिकवनारी." आणि मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मॅडम, सुरू करा." ते मॅडम मला टोचलं. तीन तासांनी त्याहून जास्त टोचणार होतं.

सकाळी मी कणांबद्दल बोलले. काठोकाठ भरलेल्या पेल्यात सावकाश साखर टाकत गेलं तरी पाणी सांडत नाही, कारण कणांच्या मध्ये जागा असते, वगैरे. सगळं छान चाललं होतं. जेवणानंतर मी तुपाची एक लहानशी स्टीलची डबी काढली, फिरकीच्या झाकणाची. शेजारच्या थंड पेयांच्या दुकानातून बर्फ आणला होता, त्याचे खडे आत भरून झाकण घट्ट लावलं, डबी कोरडी पुसली आणि टेबलावर ठेवली. दोन-चार मिनिटांत तिला बाहेरून धुकं आलं, मग बारीक थेंब आले, मग थेंब एकमेकांत मिसळून ओघळायला लागले. मी चिठ्ठ्या वाटल्या आणि विचारलं, हे पाणी आलं कुठून?

चिठ्ठ्या उघडल्या तर जवळजवळ सगळ्यांवर एकच शब्द होता. पाझरलं.

बाहेरच्या माणसाला हसू येईल. स्टीलची डबी कशी पाझरेल? पण आमच्याकडचा उन्हाळा ज्याने काढला आहे तो हसणार नाही. वैशाखात दाराआड तिवईवर माठ असतो, त्याच्या पोटाला हात लावला की तळवा गार आणि ओला होतो, खाली ठेवलेल्या वाटीत थेंब-थेंब साचत राहतो. लहानपणापासून त्वचेने शिकलेला धडा आहे तो: जे भांडं आतून थंड ते बाहेरून ओलं, कारण आतलं पाणी पाझरतं. माठाच्या बाबतीत ते शंभर टक्के खरंही आहे. एका खऱ्या गोष्टीच्या आधाराने माणसाने दुसरी खोटी गोष्ट धरली तर त्याला मूर्ख कसं म्हणणार? आणि खरं सांगू, गुरुजींनी चौथीत आम्हाला हेच शिकवलं होतं. माठही पाझरतो, लोटाही पाझरतो, फक्त लोट्याची छिद्रं बारीक.

मी तयारीत होते. तशाच दुसऱ्या डबीत, बर्फात कपड्यांची नीळ मिसळून ठेवली होती. निळं पाणी आत, थेंब मात्र स्वच्छ. मी विजयी चेहऱ्याने म्हटलं, आतलं असतं तर निळं नसतं का आलं? वर्गाने माना डोलावल्या. गुरुजींनी हात वर केला.

"मॅडम, माठात गढूळ पानी टाकलं तरी बाहीर साफच येते. गाळून येते ते. मंग नीळ आत राह्यली त्यात नवल काय?"

मी म्हटलं, गुरुजी, हा माठ नाही, स्टील आहे.

"हाव. पन सकाळी तुम्हीच सांगतलं ना, प्रत्येक पदार्थात कन असतात आन् कनायच्या मधात जागा असते. स्टील पदार्थ नाही काय?"

माझाच धडा उचलून त्यांनी माझ्यासमोर ठेवला होता आणि तर्कात कुठेही भेग नव्हती. एवढ्या वर्षांत इतकी सुंदर चूक मी पाहिली नव्हती. माझ्या तोंडून ते वाक्य निघायच्या बेतात होतं जे सगळे हरलेले शिक्षक म्हणतात: पुस्तकात तसं दिलं आहे. गुरुजींनी ते माझ्या ओठांवर वाचलं असावं. ते म्हणाले, "पुस्तकात हाये म्हनून नका सांगू. ते मले बी येते." आणि मग स्वतःच विचारात पडले. निळ्या पेनेने बाकावर टकटक करत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "कापूस ओला केला की वजन वाढते. भाजीवर पानी मारलं की वाढते. हे आपल्या इकडं कोनाले सांगा लागत नाही. आतलं पानी बाहीर आलं तर वजन तेवढंच राह्यलं पायजे, कारन ते तिथंच चिकटून हाये. बाहीरून आलं असंल तर वाढलं पायजे. काटा आना."

हा प्रयोग माझ्या पुस्तकात नव्हता. तो वाडीतल्या माणसाला सुचला.

गावातला सोनार गुरुजींचाच विद्यार्थी निघाला. आजोबांच्या काळचा काचेच्या पेटीतला तराजू घेऊन तो स्वतः आला आणि टेबलावर मांडून हातभर लांब उभा राहिला, जणू परीक्षाच आहे. गुरुजींनी डबीत ताजा बर्फ भरला, झाकण आवळलं, आपल्या रुमालाने डबी अशी पुसली की लेकराचं डोकं पुसावं. एका पारड्यात डबी, दुसऱ्यात वजनं. काटा मध्यावर आला. मग आम्ही सगळे थांबलो. चाळीस शिक्षक एका तुपाच्या डबीकडे बघत होते आणि चहा येऊन निवला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. थेंब आले. डबीचं पारडं आधी थरथरलं आणि मग हळूहळू, अगदी सावकाश, खाली गेलं. सोनाराने दुसऱ्या पारड्यात एक गुंज टाकली, दुसरी टाकली, मग आणखी. गुरुजी म्हणाले, "आता गुंजा काढ," आणि डबी, पारडं पुन्हा कोरडं पुसलं. काटा बरोबर जिथे होता तिथे येऊन उभा राहिला.

"बाहीरचं हाय पानी," ते म्हणाले. "हवेतलं."

माझं काम झालं होतं, प्रयोग साधला होता, आणि मला अजिबात आनंद झाला नाही. कारण गुरुजी खाली बसले होते आणि हातातल्या ओल्या रुमालाकडे बघत होते. मागून एक तरुण शिक्षक म्हणाला, "गुरुजी, रिटायर व्हायच्या आदी सापडलं, बरं झालं." हशा पिकला. मी घाईघाईने म्हटलं, गुरुजी, असा समज सगळ्यांचाच असतो, मनावर घेऊ नका. माझ्या आयुष्यात मी केलेल्या मूर्ख सांत्वनांमध्ये त्याचा नंबर वरचा आहे. ते एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "सगळ्यायचा असते, हाव. पन सगळे शिकवत नाहीत ना, मॅडम. मी शिकवलं."

दुसऱ्या दिवशी पहिला बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. शेवटच्या दिवशी त्यांचे मुख्याध्यापक मला बाजूला घेऊन म्हणाले की गुरुजींनी अर्ज दिला आहे: राहिलेलं एक वर्ष विज्ञान नको, चित्रकला आणि पहिलीची अक्षरं द्या. म्हणजे ज्या माणसाच्या एका शब्दाने मी विज्ञानाला लागले, त्याचा तो शब्द मी त्याच्या तोंडातून काढून घेतला होता. त्यांच्या हाताखालून अजून एका वर्षाची पोरं जायची होती, त्यांना "काऊन?" विचारणारं कुणी राहणार नव्हतं. रविवारी मी सकाळची एसटी पकडली आणि त्यांच्या वाडीवर गेले.

वांग्याच्या ओळीत बसून ते किडकी पानं तोडत होते. मी बांधावर बसले. मनात भाषण तयार करून नेलं होतं, ते काही कामाला आलं नाही. वर न बघता त्यांनी विचारलं, "तुले बी मी हेच शिकवलं होतं ना?" आता मॅडम गेली होती, मी पुन्हा चौथीत होते. मी हो म्हटलं. "मंग तुले खरं कवा समजलं?" डी.एड.च्या पहिल्या वर्षी, मी सांगितलं. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. मला त्यांची बोटं दिसत होती, एक एक मिटत चाललेली, आणि पुढचा प्रश्न काय येणार ते मला कळलं.

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

दर दिवाळीला मी त्यांच्या घरी फराळाला जात होते. पाया पडत होते. कुठल्या तरी वर्षी मनात आलंही होतं, पण गुरुजींची चूक काढायची? आपल्यात काढतात का कुणी? मी म्हटलं, "गुरुजी, आदर म्हणून."

त्यांनी हातातली पानं खाली टाकली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "तुह्या आदरापायी माही किती पोट्टी चुकीचं शिकून गेली, माहीत हाये? तू त्या साली सांगतलं असतं तर पुढची सगळी वाचली असती. मी चुकलो, मले समजत नव्हतं. तुले तं समजत होतं, बाई." मग उठले, पिशवीभर वांगी तोडली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "जा आता. गाडी सुटंल." एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले, हे सांगायला मला काही वाटत नाही. शेजारच्या बाईने काही न विचारता मला सरकून जागा करून दिली.

पुढचं मला मुख्याध्यापकांकडून कळलं. सोमवारी गुरुजी शाळेत आले, आपला अर्ज मागून घेतला, फाडला आणि चौथीच्या वर्गात जाऊन फळ्यावर आधी लिहिलं, "मी चुकीचं शिकवलं होतं." मग सोनाराचा तराजू मागवला. आणि एवढ्यावर ते थांबले नाहीत. जुने विद्यार्थी दिसतील तिथे त्यांना अडवायला त्यांनी सुरुवात केली. एसटीच्या कंडक्टरला तिकीट फाडता फाडता, बँकेच्या रांगेत शिपायाला, लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याला. "थांब बे. मी तुले चौथीत सांगतलं होतं ना, लोटा पाझरते? ते चूक होतं. पानी हवेतलं असते." माणसं आधी गोंधळत, मग हसत. बहुतेक जण म्हणत, "गुरुजी, आमाले कवाचंच माहीत हाये." की गुरुजींचा चेहरा उतरे आणि ठरलेला प्रश्न येई, "मंग सांगतलं काऊन नाही बे?" मीच एकटी नव्हते तर. सगळा पंचक्रोशीभरचा आदर त्या माणसाभोवती भिंतीसारखा उभा राहिला होता आणि आत त्याला वारा लागू देत नव्हता. लोक मागे म्हणायला लागले, गुरुजींना म्हातारचळ लागला.

मलाही तसंच वाटू लागलं होतं, खोटं कशाला बोलू. निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्याअखेर, आभाळ भरून आलेलं असताना, मी अमडापूरच्या बाजारात त्यांना भेटायला गेले ते हेच सांगायला, की गुरुजी, आता पुरे. पोत्यावर वांगी मांडून ते बसले होते. माझ्याशी दोन शब्द बोलले असतील-नसतील, तेवढ्यात मिरच्यांची टोपली घेऊन एक बाई शेजारी येऊन बसली. चाळिशीची, उन्हाने करपलेली. तिने त्यांना ओळखलं, पदर सावरला. "गुरुजी, मी तुमच्याकडं चौथीपर्यंत होती. मंग बापानं शाळा सोडवली." गुरुजींनी लगेच आपलं नेहमीचं सुरू केलं आणि मी मनात म्हटलं, आता ही हसणार.

ती हसली नाही. कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली. "म्हंजे लोटा पाझरत नाही?" ती म्हणाली. "मी तं माह्या पोरीले बी हेच सांगतलं. थंड्याची बाटली पाझरते म्हनून तिच्या दप्तरात ठेवू देत नाही, वह्या भिजतात म्हनून. परवा तं दुकानदाराशी भांडली मी, फुटकी बाटली देल्ली म्हनून." गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "पलीकडून एक थंडी बाटली आन." मी धावत गेले. त्या बाईसमोर, मिरच्या आणि वांग्यांच्या मध्ये, त्यांनी ती बाटली सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि तिच्या हातात दिली. गिऱ्हाईक येऊन परत गेलं, दोघांचंही लक्ष नव्हतं. थेंब यायला लागल्यावर तिने एका थेंबाला बोट लावलं, मग आपल्या समोरच्या मोकळ्या हवेकडे पाहिलं, जणू तिथे कुणी उभं होतं आणि इतकी वर्षं तिला ते दिसलं नव्हतं.

"हे सगळं इथं असते?" ती म्हणाली. "आपल्या भवताल?"

"हाव."

"मले कोनीच नाही सांगतलं."

"कोन सांगनार होतं, बाई," गुरुजी म्हणाले, "तुले शिकवनारा शेवटचा मास्तर मीच होतो."

मी जे सांगायला गेले होते ते न सांगताच परतले. आम्ही जे पुढे गेलो, शहरात, कॉलेजात, पुस्तकांत, त्यांना गुरुजींची चूक कुणी ना कुणी दुरुस्त करून दिली होती आणि आम्ही ती आदराच्या घडीत घालून जपून ठेवली होती. पण चौथीतून जी घरी गेली, धुण्याला, शेताला, लग्नाला, तिच्यासाठी जगाबद्दलचा शेवटचा शब्द तोच राहिला होता. गुरुजी बाजारभर तिलाच शोधत होते. आम्ही बाकीचे नुसते वाटेत येत होतो. त्यानंतर मी जितक्या मास्तरांना शिकवलं, तितक्यांना पहिल्या दिवशी एकच सांगितलं, की माझं चुकलेलं तुम्हाला जेव्हा कळेल तेव्हा पाया पडायला येऊ नका, सांगायला या. गुरुजी आता नाहीत. एवढ्या वर्षांत माझ्याकडे सांगायला तिघं जण आले. त्यांचे चेहरे मला माझ्या पाया पडणाऱ्या सगळ्यांपेक्षा जास्त स्पष्ट आठवतात. आणि कधी कधी दुपारी एकटी असले की वाटतं, जे आले नाहीत, ते सगळे माझ्याकडून बरोबर शिकले म्हणून आले नाहीत, की माझ्यावर फार माया करतात म्हणून.